पाचशे मीटरच्या घड्याळाला ठिपक्यांची तबकडी कशाला?

डोंबिवलीचा_काटा

मित्र एक सेकंडहँड घड्याळ घेतोय आणि मी त्याला अडवतोय. तुम्ही सांगा कोण बरोबर.

ओरिस या स्विस कंपनीची व्हेल शार्कच्या नावाची मर्यादित आवृत्ती. अ‍ॅक्विस मालिकेतलं दणकट स्टीलचं धूड, व्यास ४५.५ मिमी, ५०० मीटरपर्यंत पाणी शिरणार नाही, वर दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा जादा काटा. एकूण नग २,०१६. आकडा असा का, तर २०१६ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने व्हेल शार्कला ‘असुरक्षित’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात टाकलं म्हणून. इथवर ठीक. पण तबकडीवर त्या माशाच्या कातडीवरची ठिपक्यांची नक्षी उमटवली आहे आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

पाणबुड्यांचं, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांचं, घड्याळ हे हत्यार आहे. १९५३ मध्ये ब्लाँपाँ या स्विस कंपनीचं फिफ्टी फॅदम्स आलं ते फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांना अंधाऱ्या पाण्यात मिनिटं मोजता यावीत म्हणून. काळी तबकडी, जाड काटे, चमकणाऱ्या खुणा, संपलं. पुढे आयएसओ ६४२५ हे मानक आलं, त्यातही तेच: अंधारात २५ सेंमीवरून वेळ वाचता आली पाहिजे. अशा घड्याळाच्या तोंडावर गोंदण कशाला? हौसच असेल तर लग्नात घालायचं वेगळं घड्याळ घ्या की राव.

सरळकाटा

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. आणि ‘मर्यादित’ म्हणजे काय हो? दोन हजारांवर नग काढायचे, मागच्या झाकणावर नंबर कोरायचा, झालं दुर्मीळ!

खालचं_पाणी

मी सिंधुदुर्गात लोकांना स्कूबाला घेऊन जातो, तेव्हा थोडं प्रत्यक्षातलं.

पाण्याखाली तबकडी कोणी ‘बघत’ नाही. वेळ, खोली, वर यायचा वेग हे सगळं डाइव्ह कॉम्प्युटर सांगतो. मनगटावरचं घड्याळ असलंच तर दुसरा आधार म्हणून. त्यातही माझी नजर दोनच गोष्टींवर जाते, मिनिटकाटा आणि बाहेरच्या फिरत्या कड्यावरची खूण. उतरताना खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, मग किती मिनिटं गेली ते थेट वाचायचं. कडं उलट बाजूला फिरत नाही, त्यामुळे धक्का लागून सरकलं तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. ही खरी सुरक्षा. तबकडीवर ठिपके आहेत की फुलं, याने यात काडीचा फरक पडत नाही.

आणि रंगाचं म्हणाल तर लाल आधी मरतो, मग नारिंगी. आमच्याकडे पाणी गढूळ असलं की थोडं खाली गेल्यावर सगळं हिरवट-राखाडी. निळ्यावरचे निळे ठिपके तिथे कोणाच्या डोळ्यांत खुपणार? अडचण झालीच तर ती घड्याळाच्या आकाराची, बारीक मनगटावर ते थाळीसारखं दिसतं.

डोंबिवलीचा_काटा

म्हणजे खाली दिसत नाही आणि वर उपयोग नाही. मग माझाच मुद्दा सिद्ध झाला ना? काढलीय कशाला ती नक्षी?

खालचं_पाणी

मग ५०० मीटर तरी कशाला हवेत, ते सांगा. हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटर. स्कूबाचा विक्रम इजिप्तच्या अहमद गब्र यांचा, २०१४ मध्ये दाहाबजवळ ३३२.३५ मीटर. म्हणजे टाकी पाठीला लावून त्या घड्याळाच्या मर्यादेपर्यंत आजवर कोणीच गेलेलं नाही. तुमच्या हिशेबाने तोही शृंगारच. आकड्याचा शृंगार चालतो, चित्राचा चालत नाही, असं का?

जुना_गजर

वरच्या प्रतिसादाला टाळ्या. नक्षीचा वाद आजचा नाही. डोक्सा या घड्याळ कंपनीने १९६७ मध्ये सब ३०० हे पाणबुड्यांचं घड्याळ नारिंगी तबकडीत काढलं तेव्हाही अनेकांना तो रंग भडक वाटला. कारण सांगितलं पाण्यात उठून दिसण्याचं. ते उथळ पाण्यात खरं, खोल गेल्यावर नारिंगीही फिका पडतो, तरी ते घड्याळ आज पूज्य झालंय. ओमेगाने १९९३ मध्ये सीमास्टरच्या तबकडीवर लाटा उमटवल्या, मधली काही वर्षं काढून टाकल्या आणि २०१८ मध्ये परत आणल्या. लोकांनीच मागितल्या असणार, दुसरं काय. कोऱ्या तबकडीचा आग्रह धरणारे बरेचसे पोहायलाही जात नाहीत (स्वतःला वगळत नाही).

सरळकाटा

डोक्सा आणि ओमेगाने कोणत्या प्राण्याच्या नावाने गळा काढला नव्हता. माझा आक्षेप तिथे आहे.

अशा ‘संवर्धनाच्या’ घड्याळांबाबत मी एकच हिशेब विचारतो. संरक्षित समुद्री जीव जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे घड्याळ लाखांत जातं. एका मनगटाच्या किमतीत किती जाळी येतील, मोजा. तेवढे पैसे थेट किनाऱ्यावर द्या, मी त्या माणसाच्या कोऱ्या मनगटाला सलाम ठोकीन. आणि सेकंडहँड नगातून तर शार्कला एक छदामही जाणार नाही, जातो तो विकणाऱ्याला.

भरती_ओहोटी

मी सागरी जीवांवर काम करते, घड्याळातलं मला कळत नाही. पण ठिपक्यांवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके म्हणजे त्याची ओळख असते. दोन माशांची रचना सारखी नसते. कल्ल्यांच्या मागच्या भागाचा फोटो घ्यायचा आणि ठिपक्यांची मांडणी जुन्या फोटोंशी ताडून बघायची. त्यासाठी वापरलेली गणिती पद्धत मुळात खगोलशास्त्रज्ञांची, आकाशाच्या दोन छायाचित्रांतले तारे जुळवण्यासाठी तयार झालेली. २००५ च्या सुमारास ती या माशासाठी वळवून घेतली. त्यामुळे मासा न पकडता, त्याला खूणपट्टी न टोचता तो पुन्हा कुठे दिसला हे कळतं. तेव्हा तबकडीवर ठिपके घेणं मला उथळ वाटत नाही. एखाद्या गोंडस कार्टूनपेक्षा हे शंभर पटीने बरं.

आता माझी तक्रार. २,०१६ घड्याळं आणि सगळ्यांवर नक्षी एकच! जो प्राणी ठिपक्यांनी वेगळा ओळखला जातो, त्याच्या नावाच्या घड्याळात वेगळेपण कशाला, तर नंबराला. प्रत्यक्ष नोंद झालेल्या वेगवेगळ्या माशांच्या रचना वापरल्या असत्या तर मीही पैसे साठवले असते.

सरळकाटा, तुमचा हिशेब मान्य, पण एक बाजू राहिली. गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळकडे, याच माशाची तेलासाठी आणि मांसासाठी सर्रास शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं. असं संरक्षण मिळालेला तो आपल्याकडचा पहिला मासा. पण कायद्याने एकट्याने जाळी कापली गेली नाहीत. आधी लोकांना त्या माशाबद्दल काहीतरी वाटावं लागलं, त्यासाठी गावोगाव मोहीम झाली, भरपाई सुरू झाली. लोकांना वाटायला लावण्याचं काम चित्रंही करतात. मनगटावरचं चित्र किती करतं, हा वेगळा प्रश्न, आणि तिथे माझाही विश्वास कमीच आहे.

डोंबिवलीचा_काटा

ताई, ही माहिती नवी होती. पण यातून नक्षी अर्थपूर्ण ठरते, उपयोगी नाही. माझं भांडण उपयोगाचं आहे.

तिसरी_पिढी

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. इथे कोणी मशिनबद्दल बोलेना म्हणून आलो.

मशिनची काळजी नको. सेलिटा या स्विस मशिन बनवणाऱ्या कंपनीच्या पायावरचं आहे, कोणीही बरा कारागीर उघडू शकतो. काळजी रबराच्या वायसरांची. चावीत, काचेखाली, मागच्या झाकणात असे बारीक वायसर असतात, ते वर्षांनी कडक होतात. नवं असताना ५०० मीटर, पण न तपासता दहा वर्षं वापरलेल्याला मी नळाखालीही धरणार नाही. माझ्याकडे ‘वॉटरप्रूफ आहे हो’ म्हणत येणाऱ्यांच्या काचेत आतून वाफ धरलेली असते.

आणि इथे तबकडीचा खरा प्रश्न येतो. ओल आत गेली की तबकडीला डाग पडतात, खुणांवरचा चमकणारा थर काळपटतो. साध्या काळ्या तबकडीचा बदली भाग मिळवता येतो. मर्यादित आवृत्तीची नक्षीदार तबकडी कंपनीकडे शिल्लक असेल तरच, आणि तीही मूळ तबकडी जमा केल्यावर. खराब झाली तर घड्याळ चालू राहील, पण ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच गेलं. त्यामुळे मी विरोधात आहे, पण धागाकर्त्याच्या कारणासाठी नाही.

निळा_पट्टा

तो मित्र मीच. मला न विचारता माझी खरेदी चव्हाट्यावर आणल्याबद्दल आभार!

मी पोहतो, पाण्याखाली जात नाही, हे कबूल. घड्याळ आवडलं कारण दुसऱ्या देशाची वेळ लागते (बहीण मेलबर्नला असते) आणि रटाळ मीटिंगमध्ये बघत बसावं असं त्यात काहीतरी आहे. मेक्सिकोचे छायाचित्रकार गेरार्दो देल व्हियार यांच्या व्हेल शार्कच्या कामाशी हे घड्याळ जोडलेलं होतं, ते वाचूनच मी या माशाच्या मागे लागलो. एवढं तरी त्या नक्षीने केलं.

तिसरी_पिढी, प्रेशर टेस्ट विकणाऱ्याच्या समोर करून मिळेल का? वायसर बदलायला किती दिवस लागतात? सरळकाटा, घेतलं तर पावती इथे टाकतो, जाळ्यांचा हिशेब तुम्ही करा.

तिसरी_पिढी

टेस्ट समोरच होते, अर्ध्या तासाचं काम. आधी कोरडी, हवेच्या दाबाची करायची, थेट पाण्यात बुडवायचं नाही. विकणारा ‘नको’ म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

डोंबिवलीचा_काटा

आणि टेस्टमध्ये पास झालं तर एकदा खालचं_पाणी यांच्याबरोबर उतर, बारा मीटर पुरे. अंधाऱ्या जागी काटे वाचून दाखव, मग ठिपक्यांचं बोलू.