‘नियामक टी पेशी’ की ‘दमनकारी टी पेशी’?

चौकस: विषाणुसंसर्गावरच्या एका लेखाचं मराठीकरण करतोय. रेग्युलेटरी टी सेल, म्हणजे ट्रेग (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार), यांना ‘दमनकारी टी पेशी’ म्हटलं तर चालेल का? त्या इतर पेशींना आवरतात, एवढं लेखातून समजलं. ‘नियामक’ म्हटलं की नियामक मंडळ डोळ्यांपुढे येतं.

शब्दवेडी: ‘दमनकारी’ मध्ये एक घोटाळा आहे. संसर्गाच्या लेखात वाचक धरून चालणार की दमन विषाणूचं होतंय. आणि दमन म्हटलं की दडपशाही आलीच. मला ‘शामक’ बरा वाटतो, दाहशामक औषधासारखा.

पेशीपुराण: ‘दमनकारी’ नकोच, पण कारण वेगळं आहे. १९७०च्या दशकात ‘सप्रेसर टी सेल’ नावाच्या पेशींचा मोठा बोलबाला होता. पुढे त्यांचा ठोस रेणवीय पुरावा हाती लागेना आणि १९८०च्या दशकात ती कल्पना पार बदनाम झाली. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी सीडी२५ हे प्रथिन अंगावर बाळगणाऱ्या टी पेशी वेगळ्या ओळखल्या. त्या नसल्या की उंदरांचं शरीर स्वतःवरच उलटतं, हे दाखवलं. मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २००१ मध्ये फॉक्सपी३ हे जनुक सापडलं, या पेशी घडतात त्याच्यामुळे. तिघांना २०२५चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ‘दमनकारी’ लिहिलंत तर जाणकार वाचक थेट त्या जुन्या प्रकरणाकडे जाईल.

‘शामक’ अर्धाच बसतो. हर्पीस सिम्प्लेक्स २ या विषाणूचा संसर्ग केलेल्या उंदरांमधून ट्रेग काढून टाकल्या, तेव्हा विषाणूचा फडशा लवकर पडेल असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. लढणाऱ्या पेशी संसर्गाच्या जागी उशिरा पोहोचल्या आणि विषाणू बळावला. म्हणजे कुमक वेळेवर योग्य जागी धाडण्यातही ट्रेगचा हात असतो. याला शमन कसं म्हणणार?

इन्फ्लुएंझात तर आणखी वेगळं. उंदरांच्या फुप्फुसातल्या ट्रेग अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडतात, त्यानं जखमी ऊतींची डागडुजी होते. ट्रेगना ते बनवता येऊ दिलं नाही तेव्हा विषाणूचं प्रमाण तेवढंच राहिलं, पण फुप्फुसाची हानी वाढली. आवरणं, धाडणं आणि सांधणं, तिन्ही कामं एकाच पेशीची. नि + यम् म्हणजे आवरून धरणं, हे ‘नियामक’ मध्ये आहेच, शिवाय बाकीच्यालाही त्यात जागा उरते.

चौकस: पटलं. पण लेखातल्या चिवट संसर्गाच्या भागात लेखक स्वतःच दाबण्याबद्दल बोलतोय.

पेशीपुराण: तिथे क्रियापद म्हणून खुशाल वापरा, नाव म्हणून नको. हेपटायटिस सी सारख्या रेंगाळणाऱ्या संसर्गात ट्रेग मारक टी पेशींना रोखतात. शरीराची नासधूस टळते, पण विषाणूलाही ठाण मांडायला मिळतं. रोखण्याची एक रीत लिहिण्याजोगी आहे. टी पेशींना वाढायला आयएल-२ हे संदेशद्रव्य लागतं, आणि सीडी२५ हा ते टिपणाऱ्या ग्राहीचा भाग असतो. ट्रेगवर तो भरपूर असल्यामुळे आसपासचं आयएल-२ त्याच शोषून घेतात आणि शेजारच्या पेशींची उपासमार होते. इथे ‘मारक पेशींचा जोर ट्रेग दाबतात’ हे वाक्य चोख बसतं. कर्ता-कर्म स्पष्ट ठेवा म्हणजे झालं.

शब्दवेडी: ‘शामक’ मागे घेते. ‘नियंत्रक’ मात्र कुणी सुचवू नका, त्यात हुकूम सोडणारा साहेब दिसतो. आणि लेखात कुठे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असेल तर तेही तपासा. या पेशींच्या संदर्भात ‘वाढवा’ला अर्थ काय?

चौकस: आहे, शेवटच्या परिच्छेदात! तिथे ‘प्रतिकाराचा तोल’ करतो. आणि थायमस, टी पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी? विश्वकोशातला ‘यौवनलोपी ग्रंथी’ देऊ?

पेशीपुराण: शब्द झकास आहे, वयात आल्यावर झिजत जाणारी ग्रंथी असं नावच सगळं सांगतं. पण एकदा कंसात देऊन पुढे थायमसच ठेवा.

चौकस: शेवटचं. ‘ट्रेग वाढले’ की ‘ट्रेग वाढल्या’?

शब्दवेडी: वाढल्या. पेशी स्त्रीलिंगी, तेच लिंग ट्रेगला. अनेकवचनासाठी ‘ट्रेग्ज’ करू नका.