मदत हवी आहे: सर्व्हर खरेदीच्या निविदेत ‘एनर्जी स्टार’ची (अमेरिकी सरकारच्या वीजबचतीच्या मानचिन्हाची) अट पुरेशी आहे का?

नमस्कार. अमेरिकेतील एका छोट्या महाविद्यालयाच्या संगणक विभागात मी काम करतो. यंदा आठ जुने सर्व्हर बदलायचे असून निविदेतील विजेविषयीच्या अटी मला लिहायच्या आहेत.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालानुसार २००६ साली देशातील सर्व्हर आणि डेटा सेंटर सुमारे ६,१०० कोटी युनिट, म्हणजे देशाच्या एकूण वापराच्या दीड टक्का वीज वापरत होते. त्यानंतर २००९ मध्ये सर्व्हरसाठी ‘एनर्जी स्टार’चे निकष आले. सुरुवातीला पॉवर सप्लायची कार्यक्षमता आणि सर्व्हर रिकामा असतानाचा वापर यांवर भर होता. २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘सर्ट’ या सर्व्हरच्या कार्यक्षमता-चाचणीने मोजलेल्या, काम करतानाच्या कार्यक्षमतेची किमान मर्यादा आली, आणि हा बदल मला मनापासून योग्य वाटतो.

परंतु आमचे सर्व्हर रात्रभर जवळजवळ रिकामे असतात. परवा रात्री अकरा वाजता एकाला वॉटमीटर लावला, तेव्हा काहीही काम नसताना आकडा १८५ वॅटवर स्थिर होता. शिवाय दोन पॉवर सप्लायमध्ये भार वाटला गेल्याने प्रत्येकाची कार्यक्षमता घसरते, ते वेगळेच.

अशा वेळी निविदेत केवळ ‘एनर्जी स्टार’ची अट घालावी, की रिकाम्या अवस्थेतील कमाल वॅटची मर्यादाही लिहावी? तशी मर्यादा कोणी घातली असल्यास ती कोणत्या शब्दांत लिहिली आणि पुरवठादाराकडून सर्व्हरच्या कोणत्या रचनेवरची (प्रोसेसर, मेमरी वगैरे) मोजणी मागितली, हे कृपया सविस्तर कळवावे.