मदत हवी आहे : पाणवेलीपासून पक्ष्यांच्या प्रतिकृती

नमस्कार मंडळी. 2 फेब्रुवारीच्या जागतिक पाणथळ दिनासाठी नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर या पाणथळ जागेजवळच्या गावात शाळेतली मुलं आणि मच्छीमार बांधव मिळून चमचा आणि जांभळी पाणकोंबडी या पक्ष्यांच्या मोठ्या प्रतिकृती करायच्या आहेत. सांगाडा बांबूचा, वरून वाळवलेल्या पाणवेलीच्या (जलपर्णीच्या) देठांची वेणी. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ज्या वेलीने पाणी झाकून टाकलंय, तिच्यातूनच इथले पक्षी घडावेत, असं मनापासून वाटतं.

अडचण वाळवण्याची आहे. देठ आतून स्पंजासारखा असतो, सावलीत ठेवला की आतून काळा पडून बुरशी धरतो. कडक उन्हात वाळवला तर वळताना तुटतो. कुणी पाणवेलीच्या टोपल्या, चटया केल्या आहेत का? बुरशी रोखायला काय लावता? रासायनिक रंग, थर्माकोल अजिबात नको.

दुसरं म्हणजे, तुकड्यांतून वेल पुन्हा फुटते, बीही वर्षानुवर्षं टिकतं. मग उरलेल्या कचऱ्याचं काय करावं? प्रतिकृती पाण्यापासून लांब, गावातच उभ्या करणार आहोत.

आणि गावकरी फक्त उद्घाटनाला न येता सुरुवातीपासून कामात कसे उतरतील? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.