मालकाने स्वतःचीच गृहीतके तपासायची कशी?

उद्यमबागवासी

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमची बत्तीस कामगारांची फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतीव भाग बनवणारा कारखाना आहे. वडिलांनी ती उभी केली आणि गेली सहा वर्षे कारभार माझ्याकडे आहे. हलक्या डिझेल वाहनांची फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली जड चाके), ब्रेक ड्रम आणि थोडेफार पंपांचे भाग, असे आमचे काम आहे. विजेवरच्या गाड्यांमुळे इंजिनाचे भाग कमी होत जाणार, हे रोज वाचनात येते; पण कारखान्यात हा विषय काढला की बाबा म्हणतात, ‘डिझेल कुठे जात नाही’, आणि आमचे जुने मिस्त्री त्यांच्याकडे बघून मान डोलावतात. खरे सांगायचे तर मला बाबांच्या मताची काळजी नाही, माझ्या स्वतःच्या मतांची आहे. इतकी वर्षे जे गृहीत धरून चाललो ते मला दिसतच नाही; दिसले असते तर कधीच तपासले असते. दर महिन्याला सर्वांची बैठक घेतो, काही सुचत असेल तर सांगा म्हणतो, पण चहा संपेपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. अशा वेळी धंदा चालवणाऱ्याने काय करावे?

निवृत्त फाउंड्रीवाला

आपली ती मासिक बैठक कोणत्या भाषेत होते? हा प्रश्न खोचकपणे विचारत नाही. मी पस्तीस वर्षे याच भागात उत्पादन विभाग सांभाळला. आमचे निम्मे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे बनवणारे कामगार, बैलहोंगल आणि गोकाककडचे, घरी कन्नड बोलणारे, आणि बैठक मात्र कायम मराठीत होत असे. त्यांना मराठी समजत होते, म्हणून ते गप्प बसले की आम्ही त्यांची संमती धरत होतो. दुसऱ्याच्या भाषेत आणि तेही मालकासमोर ‘साहेब, तुमचे चुकते’ असे म्हणायला किती जड जाते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

एक प्रसंग सांगतो. दर पावसाळ्यात आमच्या नगांना हवेच्या पोकळ्या पडून रिजेक्शन वाढत असे. कारण सर्वांना तोंडपाठ होते: हवा दमट, साच्यांची वाळू ओली, त्याला इलाज नाही. एका वर्षी नव्या शिकाऊ मुलाला दुसरे काम नव्हते, म्हणून त्याला प्रत्येक पाळीत वाळूतला ओलावा मोजून वहीत लिहायला बसवले. दीड महिन्याने ती वही रिजेक्शनच्या रजिस्टरशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा पावसाच्या दिवसांत आणि उघडिपीच्या दिवसांत फारसा फरक आढळला नाही. खराब नग येत होते ते साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत. सुट्टीत पडून राहिलेली वाळू वरून सुकलेली आणि आतून ओली असे, आणि भट्टी तयार झाली म्हणून घाईत ती पुरेशी न मळताच साच्यांत भरली जात होती. पुढे चौकशी केली तेव्हा समजले की वाळूवरच्या कामगाराला हे आधीपासून माहीत होते. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की, ज्या वाक्यावर कारखान्यात कोणी वाद घालत नाही, त्या वाक्यासाठी एक वही उघडावी. ‘ईव्ही’, म्हणजे विजेवरची गाडी, या एका शब्दाने घाबरून जाऊ नये आणि त्याच्याकडे दुर्लक्षही करू नये. आपल्या मालाची यादी एकेका नगाप्रमाणे वाचावी. फ्लायव्हील इंजिनाबरोबर जाईल. ब्रेक विजेच्या गाडीलाही लागतात, मात्र मोटर स्वतःच वेग आवरत असल्यामुळे त्यांची झीज कमी होते, म्हणजे बदलीच्या मालाची मागणी घटू शकते. पंपाला तर डिझेल गाडीशी काही देणेघेणेच नाही. आपल्या एकाच छपराखाली तीन वेगवेगळे धंदे आहेत आणि आपण तिघांची भीती एकत्र बाळगत आहात.

निपाणीची लेक

काकांनी कामगारांच्या गप्प बसण्याबद्दल लिहिले, त्यावरून आठवले. माझ्या आजोबांची निपाणीत तंबाखूची वखार होती. शेतकरी माल आणून टाकायचा, भाव नंतर ठरायचा, आणि तो किती मिळेल हे व्यापाऱ्याच्या मनावर असायचे. शेतकरी कुरकुरतो पण एकत्र येत नाही, असे पेठेत सगळे धरून चालले होते. 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा आजोबांना सर्वांत मोठा धक्का आंदोलनाचा बसला नाही; आपल्या वखारीत वर्षानुवर्षे नमस्कार करून जाणारी माणसे त्या गर्दीत पुढे बसलेली पाहून ते हादरले. ते म्हणायचे, ‘नमस्कार करतोय म्हणजे बरे चाललेय, असे वाटत होते.’

आपल्या गिऱ्हाइकाबद्दल आणि माल पुरवणाऱ्यांबद्दलही हेच विचारून पाहावे. ते आपल्याकडे येतात ते समाधानाने, की सध्या दुसरी वाट नाही म्हणून? हे त्यांच्या खरेदी विभागाला विचारून कळणार नाही. ज्यांनी आपल्याला सोडले, त्यांना जाऊन भेटावे.

हिशेबनीस

थोडक्यात लिहितो. 1985 मध्ये मेमरी चिपच्या धंद्यात जपानी कंपन्यांपुढे इंटेल हरत चालली होती, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी तिचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारले की, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, तो मेमरीतून बाहेर पडेल. मग ते आपणच का करू नये, असे म्हणून त्यांनी तसेच केले. बाबांना ‘तुमचे चुकते’ म्हणण्यापेक्षा, ‘उद्या हा कारखाना कोणी विकत घेतला तर तो पहिल्यांदा काय बंद करेल?’ असे विचारा. या प्रश्नात कोणाचा अपमान नाही.

खानापूरकर

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये आपल्या बेळगावातच सायकलींचे दुकान काढले आणि पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी शेतकऱ्याला हसतो. पण एक हंगाम बुडाला तर घर बुडते, अशा माणसाने नव्या अवजाराकडे संशयाने पाहिले, तर तो त्याच्या हिशेबाने शहाणपणाच होता. आपले मिस्त्री आणि बाबा यांचा विरोधही त्या जातीचा असू शकतो. त्यांना पटवण्यापेक्षा बुडाले तरी सोसेल एवढ्या आकाराचा प्रयोग करावा, महिन्यातल्या एखाद-दोन हीटपुरता, म्हणजे भट्टीच्या एक-दोन वितळणींपुरता. फ्लायव्हीलच्या कमाईवरच आपली भट्टी तापते, हे विसरून एकदम सगळे सोडण्याचा आवेशही एक गृहीतकच आहे.

उद्यमबागवासी

सर्वांचा आभारी आहे. काकांच्या सांगण्यावरून काल बैठक न घेता, टाइमकीपरला बरोबर घेऊन वाळूपाशीच उभा राहिलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोललो. आधी हशा झाला. मग एका मोल्डरने विचारले की, पंपाच्या भागांच्या लहान ऑर्डर आपण परत का पाठवतो? त्याच्या भावाच्या कारखान्यात तेच भाग कोल्हापूरहून येतात. शंभर नगांखालची ऑर्डर परवडत नाही, हे आमच्याकडे ठरलेले आहे. ते कधी आणि कोणत्या हिशेबाने ठरले, असे रात्री बाबांना विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून सांगितले की, जुनी कोकवरची भट्टी होती तेव्हा. विजेवरची इंडक्शन भट्टी बसवून आम्हाला अकरा वर्षे झाली आहेत. सोमवारी नवा हिशेब मांडायला बाबा स्वतः बसणार आहेत.