हाय-रेझचा सोस आणि लायब्ररीची अडगळ : तुमचं काय मत?

सुरपेटी (धागाकर्ता)

काल रात्री हार्ड डिस्कची झडती घेतली. २,३०० अल्बम. त्यातले साडेचारशे हाय-रेझ, म्हणजे सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या वरचे : २४ बिट, ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचे. काहींच्या तर तीन-तीन प्रती : एक मी सीडीवरून रिप केलेली (संगणकावर उतरवलेली), एक 'रीमास्टर्ड' (नव्याने आवाज बेतलेली), एक डीएसडी (सुपर ऑडिओ सीडीतलं स्वरूप). आणि गेल्या महिन्यात यातले पूर्ण ऐकले किती? अकरा. स्वतःवरच चिडून धागा काढतोय, तेव्हा बिनधास्त फैलावर घ्या.

माझं म्हणणं : ऐकायची लायब्ररी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता आकाराने लहान केलेली फाइल) ठेवावी. प्रत्येक अल्बमची एकच प्रत, जिचं मास्टरिंग (बाजारात येण्याआधी आवाजावर फिरलेला शेवटचा हात) सर्वांत चांगलं ती. वाचलेला वेळ रिपची पडताळणी, टॅग (फाइलमधली नाव, कलाकार अशी माहिती) आणि बॅकअप यांना द्यावा. बाकी सगळा आकड्यांचा सोस.

का ते सांगतो. ४४.१ मध्ये, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की, २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो. तरुण, धडधाकट कानाची मजल २० पर्यंत. माझा कान १३ च्या पुढे हात टेकतो, तपासून पाहिलंय. बिट म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या मोजमापाची बारकाई; १६ बिटांत हळू ते मोठ्या आवाजाचा सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. शांत खोलीचीही स्वतःची थोडी घरघर असतेच, त्यामुळे हा पल्ला पुरता वापरायचा तर कान बधिर होतील इतकं मोठं लावावं लागेल. मग १९२/२४ ची फाइल, जी कच्च्या स्वरूपात सीडीच्या साडेसहा पट भरते, ती नक्की कुणासाठी? २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी छापली होती. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्यांचा आवाज एकदा थेट आणि एकदा १६/४४.१ मधून नेऊन ऐकवला. ५५४ पैकी २७६ वेळा बरोबर ओळखला गेला. नाणं उडवून वेगळं काय झालं असतं?

मास्टरिंगचा फरक मात्र भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही कळतो. मेटॅलिका या बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' सीडीवर इतका दाबून मोठा केलाय की आवाजाचे शेंडे छाटले गेलेत. तीच गाणी 'गिटार हीरो' या खेळात मोकळी, कमी दाबलेली होती, आणि चाहत्यांनी चक्क खेळातून काढून ती ऐकली. हा फरक बिटांचा नव्हे, मास्टरिंग करणाऱ्याच्या हातचा.

बिटबिट

आलात का पुन्हा २००७ वर! २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी त्याच नियतकालिकात १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, साडेबारा हजारांवर चाचण्या. बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के, आणि कान तयार केलेल्या श्रोत्यांचं साठीच्या पुढे. साडेबारा हजार वेळा उडवलेलं नाणं ५२.३ वर थांबत नाही, साहेब.

दुसरं, ४४.१ मध्ये वरचा आवाज अडवणाऱ्या गाळणीला २० पासून २२ च्या आत आवाज शून्यावर आणावा लागतो. म्हणजे धावत्या गाडीला दोन पावलांत ब्रेक. ९६ मध्ये तीच गाळणी निवांत उतरते.

आणि जागेचं रडगाणं आता कशाला? सीडी दर्जाचे अडीच-तीन हजार अल्बम एका टेराबाइटमध्ये जातात. आधी टाकून द्यायचं आणि मग दहा वर्षांनी हळहळायचं, हे मला जमणार नाही.

सुरपेटी

बिटबिट, ५२.३ मान्य. म्हणजे शंभरात दोन. या दोनासाठी तुम्ही तिसरी डिस्क घेणार का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि तुलना कशी करता तेही सांगा. हाय-रेझ आवृत्ती आणि जुनी सीडी समोरासमोर ठेवली तर बहुतेक वेळा आपण दोन वेगळी मास्टरिंग ऐकत असतो. शिवाय अर्धा डेसिबल मोठं वाजलं की कान त्याला 'जास्त खुलं' म्हणून मोकळा होतो. मी काय केलं ते सांगतो. एकच ९६/२४ चं ध्वनिमुद्रण घेतलं, नुसत्या तानपुऱ्याचा सुरुवातीचा दीड मिनिट. ते डिदर लावून (बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर) १६/४४.१ वर उतरवलं, मग परत ९६/२४ वर चढवलं. चढवलं अशासाठी की दर बदलताना डॅक (आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) 'टक्' करतो आणि त्या टकवरून चोरी पकडली जाते. फूबार या प्लेअरच्या एबीएक्समध्ये (न सांगता वाजवलेला आवाज दोनपैकी कुठला ते ओळखायची चाचणी) १६ फेऱ्या. निकाल ९. 'ऐकू येतं' म्हणायला निदान १२ लागतात.

निवांत

माझा प्रामाणिक प्रश्न : हा संसार कशाला मांडायचा? सीडीच्या दर्जाचं किंवा वरचं सगळं आता स्ट्रीमिंगवर मिळतं. मी डिस्क विकली, ऐकणं दुप्पट झालं.

जुनी सुई

निवांत, तुम्ही जे ऐकता ते तिथे आहे म्हणून. मी ज्या तबकड्या उतरवून घेते त्यातल्या निम्म्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाहीत. आणि जे अल्बम आहेत त्यांची आवृत्ती कुठली हे तुमच्या हातात नसतं. नाव तेच, चित्र तेच, आणि एक दिवस आतला आवाज बदललेला : रीमास्टर येऊन बसलेला. जुना कुठे गेला, विचारायचं कुणाला?

सुरपेटी, तुमच्याशीही भांडण आहे. '१६/४४.१ आणि एकच प्रत' हे विकत घेतलेल्या सीडीला ठीक. तबकडी किंवा कॅसेट उतरवताना मी ९६/२४ च घेते, आणि ते कानासाठी नव्हे. आवाजाची पातळी आधी नेमकी कळत नाही, म्हणून वर ८-१० डेसिबल मोकळे सोडावे लागतात. पुढे खरखर काढायची, कधी वेग सुधारायचा. या कामात २४ बिटांची ऐसपैस जागा लागते. टिचकीची (तबकडीवरच्या 'टक्' आवाजाची) खूणही ९६ मध्ये अणकुचीदार दिसते, सापडायला सोपी.

'एकच प्रत' तर मुळीच नाही. आठ वर्षांपूर्वी एका तबकडीवर मी उत्साहाने क्लिक काढायचं साधन चालवलं. तडतड गेली, मी खूश, मूळ फाइल पुसली. वर्षभराने चांगल्या हेडफोनवर ऐकलं तर तबल्याचा 'ना' मऊ पडलेला. चाटेवरचा तो करकरीत टोकदार क्षण साधनाला खरखरच वाटला होता. दर आवर्तनात त्याने तो घासून काढला. तबकडी तोवर दुसऱ्याकडे गेलेली. तेव्हापासून मूळ उतारा जसाच्या तसा एका डिस्कवर, आणि साफ केलेला ऐकायला वेगळा.

सुरपेटी

सुईताई, हे शंभर टक्के पटलं. माझं विधान दुरुस्त करतो : एकच प्रत *ऐकायच्या* लायब्ररीत. मूळ उतारे हा वेगळा कप्पा.

कोपऱ्यातला

+१ सुईताई. बाकी टॅगबिग थोतांड आहे. कलाकार, त्यात अल्बम, त्यात ट्रॅक. फोल्डर नीट असले की झालं.

खटपट्या

कोपऱ्यातले, थांबा. 'कलाकार' म्हणजे कोण? जुगलबंदी कुणाच्या फोल्डरात टाकता? सिंफनी रचनाकाराच्या, कंडक्टरच्या की वाद्यवृंदाच्या? फोल्डर म्हणजे कपाट : वस्तू एकाच खणात राहते. टॅग म्हणजे चिठ्ठ्या, हव्या तितक्या लावा. फ्लॅकमधल्या टॅगची पद्धत मुळातच सैल आहे, हवं ते नाव देऊन नवा रकाना काढता येतो आणि एका रकान्यात अनेक मूल्यंही भरता येतात. माझ्याकडे 'राग', 'ताल', 'साथ', 'मुद्रणवर्ष' असे रकाने आहेत. साथीच्या रकान्यात सारंगी-वादकाचं नाव टाकलं आणि अचानक कळलं की हा माणूस माझ्याकडे चौदा वेगवेगळ्या गायकांमागे बसलेला आहे. फोल्डरने हे जन्मात सांगितलं नसतं.

पण टॅगची बाजू घेताना त्याचे चटकेही सांगतो. सीडीवर गाण्यांची नावं बहुधा नसतातच, फक्त ट्रॅकच्या लांब्या. संगणक त्या लांब्या ऑनलाइन कोशाशी जुळवतो आणि कुणीतरी कधीतरी टंकलेली नावं आणतो. त्यामुळे माझ्याकडे एकच माणूस 'कुमार गंधर्व', 'पं. कुमार गंधर्व', 'पंडित कुमार गंधर्व' आणि रोमन लिपीत दोन तऱ्हांनी, असा पाच जागी राहत होता. भीमपलास आणि भीमपलासी हे दोन राग झाले. एकदा एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरला 'सगळं आपोआप सुधार' म्हणून रात्री सोडलं, तर सकाळी मैफिलींच्या सगळ्या मुद्रणांवर त्याच कलाकारांच्या स्टुडिओ अल्बमची नावं आणि वर्षं चिकटवलेली. बॅकअप नसता तर आजही उसवत बसलो असतो.

आता खास आपल्या लिपीची गंमत. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र संगणकावर निदान दोन प्रकारांनी लिहिला जातो : एकात खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. सॉफ्टवेअरला मात्र दोन वेगळे शब्द. परिणाम : अल्बमचे ट्रॅक १ ते ४ एका अल्बममध्ये, ५ ते ९ 'त्याच' नावाच्या दुसऱ्यात, आणि तुम्ही तासभर डोळे फोडत बसता की फरक कुठे आहे. फरक दिसणारच नाही. नाव एकदा टंका, आणि सगळीकडे तेच चिकटवा.

कोपऱ्यातला

इतकं करून ऐकता कधी?

खटपट्या

टॅग करताना. :)

बिटबिट

खटपट्याभाऊंचा मुद्दा फॉरमॅटशीही येऊन भिडतो, आणि इथे मी सुरपेटींना झुकतं माप देतो. माझ्या डीएसडी फाइली डीएफएफ स्वरूपात होत्या, त्यात टॅग ठेवायची ठरलेली सोयच नाही. सगळ्या डीएसएफमध्ये वळवाव्या लागल्या. तिथे फ्लॅक सरसच.

पण स्ट्रीमिंगवाल्यांना एक आठवण. २०१४ मध्ये एमक्यूए हे फॉरमॅट आलं, स्टुडिओतला आवाज घरात म्हणून. टायडल या स्ट्रीमिंग सेवेने उचलून धरलं. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दाराशी गेली, २०२४ मध्ये टायडलने ते काढून फ्लॅक आणलं. आज कोण कुठलं फॉरमॅट तुमच्यापर्यंत पोचवणार हे दुसऱ्याच्या हाती. फाइल माझ्याकडे असली तर ९६ ठेवायची की ४४.१, हे मी ठरवतो. म्हणून तर मी काहीच टाकत नाही.

सुरपेटी

टाकत नाही ते ठीक. पण तुमच्या १९२ च्या फाइली खरंच १९२ च्या आहेत का, पाहिलंत? मी माझ्या साडेचारशेंचे स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या उंचीचा आवाज किती, याची चित्रं) काढले. काहींमध्ये २२ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर काळोख, म्हणजे सीडीच फुगवून विकलेली. एकात तर १६ ला रेघ. बहुधा कुणाची तरी १२८ किलोबिटची एमपी३, फ्लॅकचा कोट घालून आलेली. फ्लॅक हा फक्त डबा आहे. आत काय भरलं याची तो हमी देत नाही.

बिटबिट

आजच काढतो. माझ्याकडेही निघाल्या तर इथे येऊन कबूल करीन.

नवी कानसेन

वाचतेय. सगळं डोक्यावरून गेलं तरी एक विचारते : ६० सीडी आहेत, रिप करायच्या आहेत. सुरुवात?

खटपट्या

ताई, तुमचं सगळ्यांत सोपं. फक्त एकदाच करायचं काम आहे म्हणून नीट करा. अ‍ॅक्युरेटरिपशी जुळवणारं सॉफ्टवेअर घ्या : तुमच्या रिपची खूण जगातल्या इतरांनी काढलेल्या त्याच सीडीच्या खुणेशी ताडून पाहतं. 'जुळलं' आलं की त्या सीडीकडे परत बघायचं नाही. दुर्मीळ सीडीची नोंदच सापडणार नाही, तिथे दोनदा रिप करून दोन्ही खुणा जुळतात का पाहा. फ्लॅक फाइल स्वतःच्या पोटात मूळ आवाजाचा एमडी५ (आकड्यांतली खूण) बाळगते, त्यामुळे पाच वर्षांनीही 'चाचणी' चालवून कुठली फाइल किडली ते कळतं. ही तपासणी वर्षातून एकदा करा.

टॅगमध्ये 'अल्बमचा कलाकार' हा रकाना आठवणीने भरा, नाहीतर संकलनांचे बारा ट्रॅक बारा अल्बम होतात. आवाज समपातळीला आणायला रीप्लेगेन लावा : ते आवाजाला हात लावत नाही, फक्त 'इतकं खाली वाजव' अशी चिठ्ठी ठेवतं.

जुनी सुई

आणि बॅकअप. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलंत की सिंक तिकडेही इमानेइतबारे पुसतं. एक प्रत अशी हवी जी एरवी तारेने जोडलेलीच नाही.

निवांत

६० सीडींसाठी एवढा प्रपंच ऐकून मी पुन्हा स्ट्रीमिंगवर चाललो. सुईताई, पण ते आवृत्ती बदलण्याचं खरं निघालं. माझ्या एका आवडत्या अल्बमची लांबी आता वेगळी दिसते, शेवटचा ट्रॅक आधीच विरतो. मूळ सीडी कुणाकडे सापडते का बघतोय.

सुरपेटी

कोपऱ्यातले, तुम्हाला हसायला कारण देतो. खटपट्यांचं वाचून मी माझ्या लायब्ररीत ते न दिसणारं जोडचिन्ह शोधलं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा'... मिळून सात अल्बम मधोमध चिरलेले निघाले. त्यातल्या दोघांची उरलेली अर्धी गाणी हरवली असं समजून मी सीडी पुन्हा रिप केली होती, तीही हाय-रेझमध्ये चढवून. का चढवली ते विचारू नका.