वर्षभर सायकल चालवूनही मांड्या भरल्या नाहीत, असे का व्हावे?

सातरस्ता_सायकल:
नमस्कार. गेले वर्षभर मी रोज पहाटे सोलापूरहून तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावापर्यंत आणि रविवारी अक्कलकोटपर्यंत, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर, सायकल चालवतो. दम वाढला, वजनही उतरले. मांड्या मात्र किंचित बारीकच झाल्या. ट्रॅकवरच्या स्पर्धकांच्या मांड्या इतक्या भरदार कशा होतात?

जुळे_सोलापूरकर:
आपण अंतर मोजत आहात, पण स्नायूला अंतर कळत नाही. एका पॅडलमागे किती जोर लावावा लागला, एवढेच त्याला कळते. मिनिटाला ८५ फेऱ्यांच्या लयीत सपाट रस्त्यावर दोन तास सायकल चालवली, तर दहा हजारांहून अधिक फेऱ्या होतात आणि त्यांतील प्रत्येक फेरीला मांडीच्या पूर्ण ताकदीचा थोडासाच भाग लागतो. एवढ्या कामाला सावकाश आकुंचन पावणारे, सहसा न थकणारे तंतू पुरतात. ते फारसे जाड होत नाहीत. त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि आत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. आपला दम वाढला तो यामुळेच, आणि ही कमाई मला मुळीच लहान वाटत नाही.

ट्रॅकवरील स्प्रिंटमध्ये अखेरच्या २०० मीटरांना दहा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो आणि गिअर एकच असतो. तेथे जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंना सर्वस्व पणाला लावावे लागते, आणि जाड होण्याची क्षमता त्यांच्यातच अधिक असते. शिवाय ऑलिम्पिकमध्ये ६ सुवर्णपदके मिळवणारे क्रिस हॉय यांच्यासारखे स्प्रिंटर खांद्यावर जड वजन घेऊन बैठकाही मारत असत. त्या मांड्या केवळ सायकलीने घडलेल्या नाहीत.

होटगी_रोड:
आपल्याकडचे रस्ते सपाट असल्यामुळे चढ शोधावा लागतो. तुळजापूरचा घाट त्यासाठी उत्तम आहे. तेथे मोठ्या गिअरवर १५ सेकंद पूर्ण जोर लावावा, मग चार मिनिटे सावकाश चालवावे, आणि असे पाच-सहा वेळा करावे. आठवड्यातून दोनदा पुरे. मात्र त्याआधी सीटची उंची तपासावी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. मी सीट खाली ठेवून मोठा गिअर ओढत राहिलो आणि दोन महिने गुडघेदुखी सोसली, म्हणून हे कळकळीने सांगतो.

जुळे_सोलापूरकर:
एक राहिले. पॅडल मारताना स्नायू केवळ आखडत जोर लावतो. बैठकेत खाली जाताना तो ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि हा ताण सायकलीवर जवळजवळ मिळत नाही. म्हणून वजन घेऊन बैठका आठवड्यातून दोनदा कराव्यात, मांडीच्या मागच्या बाजूसाठी वेगळा व्यायाम करावा, आणि आहारात प्रथिने शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज दीड ग्रॅमपर्यंत न्यावीत. भाकरीबरोबर शेंगाचटणी आपण खातोच, पण तिच्यात तेलही भरपूर असते. त्यामुळे मटकी, दही, अंडी यांचे प्रमाण वाढवलेले बरे.

सातरस्ता_सायकल:
आभारी आहे. आज सीट मोजून पाहिली, तर गुडघा बराच अधिक वाकत होता. ती वर घेतली आहे. घाटाला या रविवारी जातो.