मदत हवी आहे : स्क्रीनवरचा भगवा छापून विटकरी आला, क्लायंटने उरलेले पैसे अडवलेत

कोराकागद :
अर्धा किलो मिठाईचा बॉक्स, २००० नग. डुप्लेक्स बोर्ड (पुठ्ठा), चार रंगी ऑफसेट, वर मॅट लॅमिनेशन. डिझाइन माझं, प्रेस क्लायंटने निवडलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर क्लायंटला जेपीजी पाठवली, त्यावर "ओके, छापा" असं उत्तर आलं. आता तक्रारी अशा :
भगवा विटकरी दिसतो.
बाजूच्या पट्टीवर 'खाऱ्या शंकरपाळ्या'चं 'खार्या शंकरपाळ्या' झालंय.
आधी सात वेळा बदल करून घेतले, ते सगळे 'किरकोळ' म्हणून फुकट. आता म्हणतात, पुनर्छपाई तुमच्या खर्चाने, उरलेली ५० टक्के रक्कम त्यानंतर.
चूक कोणाची धरायची? आणि फाइलमध्ये नेमकं काय दुरुस्त करू?

प्रेसवाला :
चूक कोणाची ते नंतर. आधी प्रेसकडून लॅमिनेशन न केलेली एक शीट मागवा. तिच्यावर भगवा बरा दिसत असेल तर मॅट लॅमिनेशनने तो मारलाय. मॅटमुळे सगळेच रंग थोडे बसतात, केशरी-लाल जास्तच. लॅमिनेशन नसलेल्या शीटवरही मातकट असेल तर फाइल उघडा आणि आकडे बघा.

मोबाइलवरचा झगझगीत भगवा चार शाईंत निघतच नाही, हे क्लायंटला आधीच सांगायला हवं होतं. सी (सायन, निळसर) ०, एम (मॅजेंटा, गुलाबी) ६०, वाय (पिवळा) १००, के (काळा) ० टक्के हा त्यातल्या त्यात जवळचा. आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतली) फाइल तशीच प्रेसला गेली आणि तिथे आपोआप सीएमवायके (छपाईच्या चार शाईंतली) झाली की कधीकधी त्यात सायन शिरतो. भगव्यात १० टक्के सायन म्हणजे विटकरीच. अगदी ठसठशीत भगवा हवा असेल तर पाचवा रंग घ्यावा लागतो, म्हणजे तयार मिळणारी शाई, पॅन्टोन ऑरेंज ०२१. त्याची प्लेट (छपाईचा पत्रा) वेगळी, छपाई वेगळी. २००० नगांत तो खर्च प्रत्येक बॉक्सवर चांगलाच चढतो, म्हणून कोटेशनमध्येच दोन्ही दर द्यायचे.

वेलांटी :
'खार्या'ची भानगड दोनपैकी एक असणार. मजकूर क्लायंटने मोबाइलवर टाइप करून पाठवला असेल तर चूक तिथेच आहे. साधा र, हलन्त, मग य असं टाइप केलं की रफार येतो, 'सूर्य'सारखा. 'खाऱ्या'साठी खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ, मग हलन्त, मग य. त्याचा जुना मेसेज शोधा, त्यात कसं लिहिलंय ते कळेल.

मेसेजमध्ये बरोबर आणि फाइलमध्ये तुटलेलं असेल तर दोष तुमच्या सेटिंगचा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेस, टाइपमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स सुरू करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. नाहीतर ऱ्हस्व इकार भलत्याच जागी बसतो आणि जोडाक्षरं सुटतात. श्रीलिपीतली (जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधली) फाइल असेल तर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळं गचाळ इंग्रजी अक्षरांत दिसतं. म्हणून पाठवण्याआधी मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फॉन्ट लागत नाही : कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ. कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, एकदा कर्व्ह झालं की शब्द बदलता येत नाही.

दोनटक्के :
पण क्लायंटने 'ओके, छापा' लिहून दिलंय ना? मग खर्च त्याचा. एवढं सरळ आहे.

प्रेसवाला :
शब्दांपुरतं सरळ आहे. रंगाचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली जेपीजी दाबली जाते, त्यात समोरच्याच्या फोनवर रात्रीचा पिवळा मोड लागलेला. ते बघून दिलेला होकार रंगाचा होकार धरता येत नाही. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवायची आणि खाली लिहायचं, "मजकूर व मांडणीसाठी, रंग मशिनवर पास करावेत." मग क्लायंटला छपाईच्या दिवशी प्रेसमध्ये बोलवायचं. मशिन सेट झाल्यावरच्या पहिल्या चांगल्या शीटवर त्याची सही घ्यायची, एक शीट तुमच्याकडे.

वेलांटी :
आणि मजकुराच्या मंजुरीत एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांच्या परवान्याचा) १४ आकडी नंबर, वजन, पत्ता हे वेगळं लिहून घ्या. ते तपासणं डिझाइनरचं काम नव्हे. लोक नेमकं तेच आपल्या गळ्यात मारतात.

उधारबंद :
पैशांचं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? फुकट होते. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांचा) कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारात मुदत नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरतात, म्हणून डिलिव्हरीचा मेल तारखेसकट जपून ठेवा. हरकत कधी आणि कशी आली तेही बघा. फोनवरची कुरकुर लेखी हरकत नाही. नोंदणी कामाआधीची असलेली बरी, नंतरची असेल तर तिथेच वाद घालतात.

सात बदलांचे पैसे आता मिळणार नाहीत, सोडून द्या. पुढच्या कोटेशनमध्ये लिहा : बदलांच्या दोन फेऱ्या समाविष्ट, एका फेरीतले सगळे बदल एकाच मेलमध्ये, एकाच माणसाकडून. तिसरीपासून फेरीमागे ठरलेली रक्कम. मालक एक सांगतो, त्याचा मुलगा दुसरं, हा घोळ तिथेच थांबतो.

कोराकागद :
शीट आली. लॅमिनेशनशिवायही मातकट. फाइल मी आरजीबीत पाठवली होती. सीएमवायके केल्यावर भगव्यात सायन १२ निघाला, एम ६५, वाय १००. 'खार्या' मात्र क्लायंटच्या मेसेजमध्येच तसं आहे.

प्रेसवाला :
मग रंग तुमच्याकडे, शब्द त्यांच्याकडे. भगव्यातला सायन काढा, मॅजेंटा आणि पिवळ्याला हात लावू नका. जुन्या प्लेट भंगारात गेल्या नसतील तर फक्त सायनची नवी लागेल. पट्टीवरचा मजकूर नुसत्या काळ्यात असेल तर काळ्याची दुसरी. सायनच्या प्लेटचा खर्च तुम्ही उचला, काळ्याची त्यांनी. छापून झालेल्या २००० बॉक्सचं बोर्ड आणि छपाई अंगावर घेऊ नका.

उधारबंद :
आणि त्यांना सणाआधी माल हवाच असेल तर ते बॉक्स वापरू देत, पट्टीवर 'खाऱ्या शंकरपाळ्या'चा स्टिकर मारून. त्या बदल्यात राहिलेल्या रकमेतून थोडी सूट द्या, पण ती बिलावर लिहून. "पुढच्या कामात बघू" असं तोंडी ठरवलंत तर पुढचं कामही याच रकमेवर अडेल.